पोटदुखी

पेन्शनच्या फायलीत आजोबांचे रजेचे अर्ज निघाले.
नारोपंत मुळ्ये, कारकून, मालधक्का, छोटी लाईन, ग्वाल्हेर.
निळी शाई, वळणदार सही.
कारण : पोटदुखी.
पुन्हा पोटदुखी.
एकदा, बहुधा स्वतःच कंटाळून, दाढ.

अकरा अर्ज.
आणि खाली हिशेबाची एक वही, त्याच अकरा तारखा :
मोरारशी, चार वाजता. गोलात मी.
दोन खाल्ले.

शाळेतून मी हॉकी स्टिक आणली तेव्हा
बाबा म्हणाले होते, हे खूळ आपल्यात कुणाला नव्हतं,
आणि ती कोळशाच्या पोत्यामागे सारली.
तरी खेळले. कंपूच्या मैदानावर
भावाचे क्रिकेटचे पॅड बांधून, एक पट्टा तुटका.
चेंडू अंगावर यायचा तेव्हा
भीती नाही, भूक लागल्यासारखं व्हायचं काहीतरी,
बेंबीच्या जरा वर,
इथे.

काल अर्ज बाबांपुढे ठेवले.
त्यांनी चष्मा पुसला, वाचले, परत घडी घातली,
चहाचं आधण ठेवायला उठले.
ओट्यावरून एक लिंबू घरंगळलं
आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने
न बघता, डाव्या पायाने
ते जागच्या जागी थांबवलं.

पायाने अडवणं फाउल असतं, बाबा,
मी म्हटलं.

गोलकीपरला नसतं,
ते म्हणाले,
आणि लिंबू उचलायला वाकले
ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.