वकट, लेंड, मुंड

भद्रकालीच्या मागे, तिसऱ्या बोळात
माझ्या वडिलांचा कात. रंगनाथ कातारी.
लाटणी, पाळण्याचे खूर, भोवरे,
आणि उरल्यासुरल्या बाभळीच्या विट्या,
ज्या आता कुणी विकत घेत नाही.

शनिवारी सातपूरच्या शाळेतले खेळाचे सर आले,
सोबत नुसरत, आठवीतली, कोपर सोललेलं.
"बेसबॉलची बॅट करून हवी."
वडिलांनी नमुना तोलला:
मुठीत बारीक, पुढे पोट सुटलेलं.
"मुसळाचा धाकटा भाऊ दिसतो. कुठला?"
"अमेरिकेचा. म्हणजे, त्याआधी इंग्लंडातली पोरं
असंच काहीतरी खेळायची.
काठी, चेंडू, धावायला दोनचार दगड.
नेमका कुणी काढला, सांगता येत नाही."
"पोरांनी काढला असेल तर
कोण लिहून ठेवणार?" वडील म्हणाले
आणि पट्टा चढवला.

भुसा उडत होता. मला गंगेवरचं आठवलं,
पुलाखाली खणलेली गल,
भाऊ विटी कोलायचा, मी धावत आणून द्यायची.
माझा डाव कधी आलाच नाही.
दांड्यानं ते जमीन मोजत यायचे:
वकट, लेंड, मुंड, नाल...
मला वाटायचं, ही विटीचीच भाषा,
हिला दुसरं घर नाही.

मग समोर नरसय्या राहायला आला, मंचेरियालचा,
शिवणयंत्रं दुरुस्त करणारा.
पोरांचं मोजणं ऐकून हसता हसता त्याला ठसका लागला.
"ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू!
अहो, हे तर माझ्या आईचे आकडे!"
नदी इथून त्यांच्याकडे वाहत जाते.
आकडे मात्र काठाकाठानं
उलटे चढून आले असणार,
कुणाच्या तरी पोराच्या तोंडात,
आणि वाटेत थोडे झिजले.

बॅट झाली. चेंडू कुणाकडेच नव्हता.
वडिलांनी खोक्यातली एक विटी उचलली,
नुसरतकडे उडवली.
टणत्कार झाला, विटी थेट शिंप्याच्या पत्र्यावर.
वडील वाकले, नव्याकोऱ्या बॅटनं
बोळ मोजू लागले: वकट, लेंड...
"काका, यात मोजायचं नसतं, पळायचं असतं,"
सर सांगेपर्यंत
नुसरत बोळाच्या टोकाला पोचली होती.

शिडी मीच लावली. जुनी सवय.
बावन्नाव्या वर्षी पत्र्यावर चढले, विटी सापडली,
गरम, एका टोकाला चेमटलेली.
खालून तिघं हात पसरून उभे आहेत.
मी अजून टाकलेली नाही.