निळी तार

इर्शाद शिकलगार आला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.
गाडी स्टँडला लावता लावताच म्हणाला,
ताई, राउटर कुठाय?
मी खालच्या खोलीकडं बोट केलं.
तो वाकून बघतो तर
भुस्सा उडवत
अप्पांचं राउटर सागाची फळी कोरतंय.
हे नव्हं ओ, म्हणाला, इंटरनेटचं.

उद्यमनगरात एका घरात
दोन राउटर असू शकतात.

त्याला सगळं सांगितलं.
वर माझा कॉम्प्युटर.
जिन्याच्या भिंतीला भोक पाडून खाली सोडलेली निळी तार,
तिच्यातून माझी ड्रॉइंगं मशीनला जातात:
पंपाची बॉडी, व्हॉल्व्हचं झाकण.
हवी तेवढी नाही, थोडी मोठी काढायची,
कारण ओतलेलं बीड निवताना आक्रसतं.
हे अप्पांनीच शिकवलं. मला, आणि माझ्याआधी सुकुमारला.

आणि हवेतून वायफाय.
त्यातून सात वाजता सुकुमार येतो, होसूरहून,
पाच मिनिटं, कधी पंधरा.
तार लावलेली असली की तो गोठतो,
तोंड उघडं, ‘अगं पद्मल, तू’ एवढ्यावर अडकलेलं.
तार काढली की खाली मशीन बंद पडतं
आणि अप्पा जिन्याच्या तोंडाशी येऊन
काही न बोलता उभे राहतात.

चार महिने हेच.
सातला उपसायची, सव्वासातला खोचायची.
तारेच्या टोकाची ती बारकी जीभ कधीच तुटली,
आता चिकटपट्टीवर भागतं.

इर्शादनं चहा बशीत ओतला.
चूक मशीनची न्हाई आणि वायफायची बी न्हाई.
ह्याला तार जवळची वाटते.
ज्याचा आकडा बारका, त्याचा मान आधी.
जगातलं काय बी मागा,
हा पहिल्यांदा तारेलाच विचारणार.
आणि तार जाते कुठं? खालच्या खोलीत.
तिथं होसूर कुठनं घावायचं?

मग सेटिंगमध्ये शिरून
त्यानं तारेच्या रकान्यातला गेटवे पुसून टाकला.
आता तिला वेशीबाहेरचं कोण विचारणार न्हाई.
तिनं खालचं बघायचं. बाकी सगळं हवेवर.
एवढंच?
एवढंच. उगंच चार महिने तार ओढत बसलाय.

उठता उठता म्हणाला,
पायजे तर ब्रिज करून देऊ?
दोन्हीकडची एकमेकाला दिसतील.
नको, म्हटलं,
ती दोघं तीन वर्षं बोललेली नाहीत.
कोण दोघं?
मी त्याचे पैसे मोजले.

सुकुमारच्या कंपनीत लाकूडच लागत नाही.
वाळूचा साचा मशीन थेट छापतं, थरावर थर.
हे त्यानं जेवताना सांगितलं होतं, हौसेनं.
अप्पांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली.
दिवाळीआधी तो गेला.

सात वाजले.
खाली घर्रर्र चालू, आणि समोर सुकुमार,
चक्क हलणारा, मान खाजवणारा,
पाठीमागं कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
बोलता बोलता तो थांबला.
गेला परत, मला वाटलं.
पण पापण्या हलत होत्या.

खाली चालू आहे?
हं.
काय कोरतायत?
पंपाची बॉडी. मोठी आहे, शिरोलीची ऑर्डर.
आक्रस किती धरलाय?

मी तोंड उघडायच्या आत
जिन्यातून आवाज आला.
अप्पा मधल्या पायरीवर, मिशांवर भुस्सा,
माझ्याकडं नाही, पडद्याकडं तर नाहीच,
भिंतीतल्या त्या तारेच्या भोकाकडं बघत:

बिडाला मीटरमागं दहा.
विसरला असंल.