केसपेपरची खिडकी

खिडकी अशी बसवली आहे
की बाहेरच्याला वाकावंच लागतं.
कंत्राटदार म्हणाला होता, नकाशातच तशी आहे.
एकवीस वर्षं मी आत बसलो
आणि माणसं हातांवरून ओळखत गेलो.
रोवण्यात कुजलेली नखं : भुरकीटोला, पावसाळा.
तेंदूच्या डागांचे अंगठे : मे महिना.
विडी वळून वळून चपटी झालेली बोटं, बारमाही.
एक हात मात्र इथे कधी आलाच नाही,
अंगठीवाला, सरपंचाच्या मेव्हण्याचा.
त्याला बाजूचं दार होतं.

कागदावर रकाने तीनच.
नाव, वय, गाव.
चौथा छापलेला नाही,
पण मी तो रोज भरायचो, न लिहिता :
पिशवी कसली आहे, सोबत कोण आहे,
"बाहेरून आणा" म्हटल्यावर
हा माणूस मेडिकलकडे वळेल
की बस स्टँडकडे.
बहुतेक वेळा माझा अंदाज खरा ठरला.
याचा मला तेव्हा अभिमानही वाटे.

मग पैसे बंद झाले. वरून कागद आला.
पानठेल्यावर म्हणाले, आता बघा,
फुकट्यांची गर्दी होते की नाही.
झाली गर्दी.
मला नवल वाटलं ते वेगळंच,
एवढा खोकला एवढी वर्षं
राहत कुठे होता?

फुकट म्हणे. मी कारकून आहे, बापा,
मला निदान बेरीज येते.
भुरकीटोल्याची बाई साबणाची वडी घेते
त्यात सरकारचा वाटा आहे.
रिचार्जमध्ये आहे, चपलेच्या पट्ट्यात आहे,
काडीपेटीतसुद्धा आहे.
ती भरत आली आहे, पावती न मागता.
आणि टीबीचा एक पेशंट
अर्ध्या गोळ्यांवर घरी बसला
तर पुढल्या साली पानठेलेवाल्याच्या पोराचा
केसपेपर मीच काढणार असतो.
हेही त्याला एकदा सांगून पाहिलं.
त्यानं चुना जरा जास्त लावला, बोलला नाही.

परवा खिडकीत एक हात आला.
मनगटावर गोंदणाची ओळ,
मधले दोन ठिपके भाजून पुसलेले.
नाव विचारायच्या आधीच मी लिहिलं,
समारोबाई उईके.
हातात कॅरीबॅगच्या तुकड्यात गुंडाळलेल्या नोटा.

"बाई, पैसे लागत नाही आता."
"मले मालूम हाय."
"मग हे?"
"थ्या दिवसाचे हायेत. गाडीच्या डिझेलचे.
तवा नोहते."

आठ वर्षं झाली असतील.
शिरीषाखाली गाडी उभी होती, ड्रायव्हरही होता.
बाकावर गुडघे पोटाशी घेऊन तिची सुगंता,
सिकलचं दुखणं, वय अकरा.
आणि याच खिडकीतून मी म्हणालो होतो,
जिल्ह्याला न्यायचं तर डिझेल टाकावं लागेल, दोनशे.
नियम नव्हता तो. रीत होती.
सायकलवरून परत गेली ती माणसं.
पोरगी मधल्या दांड्यावर,
बापाच्या दोन हातांच्या आत.

मी नोटा घेतल्या नाहीत.
तिनं उचलल्या नाहीत.
मागून कोणी खोकत म्हणालं, बाई, सरक ना समोर.
पंख्याच्या वाऱ्यानं
प्लास्टिक हलत राहिलं.

मग मी उठलो, बाजूच्या दारानं बाहेर गेलो.
एवढी वर्षं मला वाटायचं
ही बाई बुटकी आहे.
ती माझ्यापेक्षा उंच निघाली,
चांगली चार बोटं.

पैसे ड्रॉवरमध्ये आहेत.
मार्चमध्ये तपासणीवाले विचारतील,
हे कोणत्या शीर्षाखाली?
पाहू.
खिडकीसाठी आमगाववरून गवंडी बोलावला आहे,
हातभर वर घ्यायची आहे.
तो आल्या आल्या म्हणाला,
पण साहेब, नकाशात तर...
मी त्याला बाहेर उभं केलं
आणि आतून विचारलं, नाव काय तुझं?