चाळीस सेकंद

रात्री साडेअकरानंतर माझं काम सुरू होतं.
गुलटेकडी, बँकेचा तिसरा मजला,
खाली मार्केट यार्डात कांद्याचे ट्रक रिव्हर्स घेतात
आणि कुणीतरी ओरडत असतं:
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास.

कंपनीकडून इन्स्टॉलर येतो तो बोलका.
नमस्कार काय करतो, नावगाव काय विचारतो,
कुठं बसू, कुठल्या भाषेत बोलू,
डेस्कटॉपवर माझं चित्र लावू का,
सोबत धाकट्या भावाला आणलंय, त्यालाही ठेवून घ्या.
लग्नघरी चार दिवस आधीच उतरलेला लांबचा पाहुणा.
मी त्याला गप्प करते.
पगार मिळतो तो याचाच.

मूळ फाइलला हात लावायचा नसतो.
तिला दुसरी एक पातळ फाइल जोडायची,
साडीला आतून फॉल लावतात तशी,
आणि तिच्यात लिहायचं:
शॉर्टकट नको.
आपोआप अपडेट नको.
टूलबार तर मुळीच नको.
सर्व्हरचा पत्ता हा.
करार मान्य: होय.

एकशे ब्याऐंशी कॉम्प्युटरांच्या वतीनं मी होय म्हणते.
भोरच्या कॅशियरच्या वतीनं,
ओतूरला कालच रुजू झालेल्या पोराच्या वतीनं.
चव्वेचाळीस पानांचा करार
मीही वाचलेला नाही.
सकाळी ते येतात, की-बोर्ड फुंकतात,
नवं व्हर्जन येऊन बसलेलं असतं.
कुणाच्या काही लक्षात आलं नाही
म्हणजे मला जमलं.

हुपरीकर मार्चमध्ये निवृत्त झाले.
जाताना पेढे वाटले आणि मला एक फोल्डर दिलं,
त्याचं नावच: चालू आहे, हात लावू नये.
आत एका स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती,
चाळीस सेकंद थांब.
शेजारी शेरा: असू दे.
कारण नाही, तारीख नाही.

एकशे ब्याऐंशी गुणिले चाळीस,
दोन तास एक मिनिट वीस सेकंद, नुसतं थांबणं.
मी ओळ पुसली.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहाटे तीनपर्यंत एकशे एक्याऐंशी शून्यं आली.
आमच्याकडे शून्य म्हणजे पास,
शून्यासाठीच जागायचं.
आणि एक सोळाशे तीन.
सोळाशे तीन म्हणजे काहीतरी बिघडलं,
काय ते तो सांगत नाही.
लॉग उघडला, अकरा हजार ओळी.
तळेगाव ढमढेरे, काउंटर दोन.

सव्वानऊला फोन केला. गव्हाणेबाई म्हणाल्या,
"तो होय? तो उशिरा उठतो, मॅडम.
पंखा नीट फिरायला लागला की मगच ऐकतो.
हुपरीकर साहेब एकदा आलेले,
त्याच्यासमोर हातातलं घड्याळ काढून बसले,
चहा गार झाला तरी उठले नाहीत.
मग म्हणाले, चाळीस.
मी म्हटलं, काय चाळीस? तर नुसते हसले.
कसे आहेत हो?"

मला माहीत नव्हतं.
बरे असतील, म्हणाले.

फक्त त्या एका मशीनपुरती अट घालता येते,
तीन ओळींचं काम. ती मी घातली,
बाकीच्यांना उगाच का ताटकळत ठेवा.
शेरा मात्र तसाच ठेवला, असू दे,
आणि खाली शाखा, काउंटर, तारीख,
पंख्याची हकिकत, गव्हाणेबाईंचा नंबर.

मग शनिवारी दुपारी
हुपरीकरांना फोन लावला.
रिंग वाजत होती.
एरवी मी पाचव्या रिंगला ठेवून देते.
थांबले.