रेइनोला न दिसणारी चांदणी

तळघरात हीटर खोकतो आहे,
बाहेर लेक सुपीरियर काठाकाठानं गोठतंय,
आणि मी कॉफीचे जुने डबे उपडे केलेत टेबलावर.
पंचावन्न वर्षांच्या चिंध्या.
कुणाची बाही, कुणाच्या स्वयंपाकघराचा पडदा,
कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याचं फुलाफुलांचं कापड,
आणि एक जांभळा, जो घरात आला कुठून
ते मला आजवर कळलेलं नाही.

चांदणीला आठ टोकं. टोकं गडद, भुई फिकी.
शास्त्र म्हणाल तर एवढंच.
पण चिंधी कधी एकटी नसते.
हाच निळा सायीच्या रंगाशेजारी रात्र होतो,
काळ्याशेजारी नुसता धुरकट, पोरका.
पिवळा सगळ्यांना ओरडून गप्प करतो,
म्हणून तो नखाएवढाच द्यायचा.

रंगांशी माझं जमतं.
किती गडद, किती फिकं, तिथे मात्र मी फसते.
लाल म्हटला की मला लालच दिसतो,
त्याची खोली दिसत नाही.
चर्चमधल्या शिवणाऱ्या बायका डोळे किलकिले करतात,
मार्लीस लाल काचेतून बघते,
तिची सून फोनवर काळापांढरा फोटो काढते.
मी जिन्याकडे तोंड करून हाक मारते,
रेइनो!

तो येतो, कोपरापर्यंत लाकडाचा भुसा,
चौथ्या पायरीवर थांबतो.
त्याच्या खाली उतरत नाही कधी,
तिथूनच भिंत नीट दिसते म्हणतो.
लाल-हिरवं त्याला कळत नाही.
बाविसाव्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरनं
दोन कंदील धरले समोर, विचारलं,
थांबायचा कुठला, निघायचा कुठला?
रेइनो म्हणाला, दोन्ही सारखेच मऊ आहेत.
त्या एका वाक्यावर सिग्नलची नोकरी गेली,
लोहखनिजाच्या गाड्या त्याच्यावाचून बंदरात जात राहिल्या.

पण फिक्या-गडदात त्याचा हात धरणारं कोणी नाही.
'दुसरी ओळ, डावीकडून तिसरी. टोक तुटलंय.'
'ती कोपऱ्यातली बुडाली.'
'हा पट्ट्यांचा शर्ट माझाच ना? मग त्याला जरा जागा दे.'
मी टाचण्या काढते, बदलते, लावते.
तो 'हं' म्हणाला की शिवायचं.

आज एक चांदणी मी आधीच शिवून लावली होती.
दलदलीतल्या क्रॅनबेरीचा लाल,
पाइनखालच्या शेवाळाच्या हिरव्यावर.
दोघेही सारखेच खोल.
माझ्या डोळ्यांपुढे तिच्या कडा थरथरत होत्या,
जिवंत, जवळजवळ उद्धट.
रेइनो बघत राहिला.
'तिथे काही लावायचं राहिलंय का?'

मी उसवायचं हत्यार उचललं.
एक टाका कापला.
मग ठेवून दिलं.
का, ते धड सांगता यायचं नाही.
इतकी वर्षं गोधड्या केल्या त्या त्याच्या डोळ्यांनी.
'राहिलं नाही,' म्हटलं, 'ती रिकामीच आहे.'
त्याला पटलं.
वर जाऊन त्यानं कॉफी टाकली, भांडी आपटत, नेहमीसारखी.

मार्चअखेर गोधडी पलंगावर आली.
दिवा मालवला की रंग माझेही जातात,
राहतं ते बर्फावरून येणारं करडं काहीतरी.
अर्ध्या झोपेत त्याचा हात कापडावरून फिरत होता,
शिवणींच्या बारीक बांधांवरून,
जिथे आठ टोकं मध्याशी जमतात
आणि कितीही इस्त्री फिरवा, गाठ राहतेच.
एका सुटलेल्या टाक्याशी बोट अडलं.
मागे आलं. मोजू लागलं.
पाच. सहा. सात.

'आइली,' तो म्हणाला, 'इथे कुणीतरी आहे.'