पानं पुसताना

थर्माकोलची खोकी मासळीबाजारातून आणली,
बर्फाचं पाणी जायला तळाशी भोकं
कुणीतरी आधीच पाडलेली.
दोन दिवस उन्हात तापवली, लिंबू चोळलं,
तरी पहिल्या कोथिंबिरीला बांगड्याचा वास येतो
असं सुलक्षा म्हणायची,
आणि आमटीसाठी खुडायचीही तीच.

मांगोरहिल, चौथा मजला.
बाल्कनी म्हणजे अडीच पावलं.
त्यात वॉशिंग मशीन, रिकामा सिलिंडर,
आणि निवृत्तीनंतरची ही माझी इस्टेट:
पुदिना, गवती चहा,
रंगाच्या डब्यात आलं,
चेपलेल्या तपेल्यात एकपानी,
तिला मी वर्षभर
अगदी ठासून पालक म्हणत होतो
आणि ती नाव न सुधारता वाढत होती.

ओव्याच्या पानाची फांदी दिली
तळमजल्यावरच्या कॉन्सेसांवबायनं.
देताना म्हणाली,
"विचारून व्हरता न्हय? लागचें ना मागीर."
म्हणून त्याच रात्री चपला हातात घेऊन
चार मजले उतरलो, आणखी एक फांदी चोरली.
तिच्या खिडकीत दिवा होता.
पडदा हलला, बहुतेक हसून.
दोन्ही फांद्या लागल्या.

पाणी एक दिवसाआड.
तांदूळ धुतलेलं आल्याला,
मासे धुतलेलं पुदिन्याला,
मांजर रोज येऊन पुदिन्याचा वास घेतं
आणि फसवल्यासारखं तोंड करून जातं.

सकाळी उठून पहिलं काम: पानं पुसणं.
फडका म्हणजे माझ्या जुन्या खाकी शर्टाची बाही.
एक पान, दोन बोटांत धरून,
वरून, मग खालून.
बाही काळी होते.

या भुकटीची आणि माझी ओळख जुनी.
एकतीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून
मी हिलाच जहाजाच्या पोटातून उचलत होतो,
धक्क्यावर ठेवत होतो.
ठेवली तिथेच राहील असं
तेव्हा वाटायचं.
म्हणजे, वाटायचं असं नाही.
तेव्हा जेवणाची सुट्टी कधी होते हे वाटायचं.

वारा कुठला आहे ते मी
खिडकी न उघडता सांगतो.
वायव्येचा असला की आमचा पुदिना काळा,
फिरला की दुसऱ्या कुणाचा.

सुलक्षाचा खोकला पाच वर्षांचा.
डॉक्टर म्हणाले, अॅलर्जी.
कशाची, ते मी विचारलं नाही.
या फ्लॅटचे हप्ते, मुलीचं नर्सिंग,
देवघरातली चांदीची समईसुद्धा
त्याच ढिगातून चाळून आली आहे.
मी काढा करतो:
ओव्याची दोन पानं, आलं, चार मिरी, गूळ.
पानं सहा वेळा धुतो.
ती म्हणते, "आंघोळी घालतोस का त्यांना?
मला कधी पाठीला साबण लावला नाहीस."
खरं आहे.

एप्रिलात कोथिंबीर हाताबाहेर गेली,
काड्या झाल्या, फुलावर आली.
"उपट, जागा अडवते," सुलक्षा आतून म्हणाली.
उपटायला वाकलो तर
त्या चुऱ्यासारख्या पांढऱ्या फुलांवर मधमाशी.
चौथ्या मजल्यावर हिला पत्ता कुणी दिला?
तिचे पायही काळे वाटले,
मधमाशीचे असतातच बहुधा.
ते पुसायला काही मी गेलो नाही.

आत खोकला दोनदा आला.
तिसऱ्यांदा येतो का बघत उभा राहिलो,
मग बादलीत बाही पिळली.

हे काळं पाणी कुठे ओतायचं,
हा रोजचाच प्रश्न.
मोरीत ओतलं तर शेवटी समुद्रात,
खाली ओतलं तर कॉन्सेसांवबायच्या कपड्यांवर.
गवती चहा काही बोलत नाही.
आज पुन्हा त्यालाच.