पीलबाग

नवती आणि पीलबाग :
आमच्याकडे केळीचे भाव या दोन नावांनी निघतात,
म्हणून माझ्या प्रोग्रॅमच्या दोन फांद्यांनाही
मी तीच नावं दिली.
नवतीत रोज काहीतरी उगवतं.
पीलबागेत पाय ठेवायचा तर
आधी चिखल झटकून.

प्रोग्रॅम एवढासाच : भरला ट्रक, रिकामा ट्रक,
मधला फरक, पावती.
फुकट, उघडा. कुणीही वाचावा, कुणीही बदलावा.
सावद्यापासून मुक्ताईनगरपर्यंत एकोणीस काट्यांवर चालतो,
विसावा कुठे चालतो ते
तक्रार आल्यावर कळतं.

दिलवर वळवी अक्कलकुव्याहून रात्री दीडला बदल पाठवतो.
वजन थेट फोनवर, पावतीवर गाडीचा फोटो,
चार हजार ओळींच्या नऊशे केलेल्या.
खाली एकच वाक्य : ताई, हे कधी सोडायचं?
वाचताना मला हेवा वाटतो,
मग भीती.

आणि इकडे फैजपूर रस्त्यावर तुकडूभाऊ भंगाळे.
पंखा संगणकाकडे वळवलेला,
स्वतः घामाघूम.
तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती.
"मले नवं काही नको, ताई.
काटा उभा राह्यला पाह्यजे,
मी आडवा झालो तरी चालीन."

एका मे महिन्यात मी ऐकलं नव्हतं.
सेहेचाळीस अंशांत नवती नेऊन बसवली त्यांच्या केबिनीत.
पाच किलोंच्या आतली बाकी जुनी सोडून द्यायची,
नवी वर ओढत होती. एवढंच.
चाळिसाव्या पावतीला कुणीतरी हाताने हिशेब केला.
मग ट्रकांची रांग, हॉर्न,
दिल्लीचा माल ताडपत्रीखाली पिवळा पडू लागलेला.
तुकडूभाऊ काही बोलले नाहीत.
ताक दिलं फक्त.
ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

पण जुनंही सोवळं नव्हतं.
रावेरला एका व्यापाऱ्याच्या माणसाने शोधलं
की दोन कळा एकदम दाबल्या तर
रिकाम्या ट्रकचं वजन पुन्हा टाकता येतं.
नवतीत ती फट आठ महिन्यांपूर्वीच बुजली होती,
दिलवरनेच, झाडलोट करता करता, न सांगता.
पीलबागेत मी ती दुरुस्ती आणली नाही
कारण तिथे काही हलवायचं नाही, हा माझाच नियम.
आठ महिने.
किती क्विंटल गेले, मोजले नाहीत.
मोजले. सांगणार नाही.

तेव्हापासून रविवार यातच जातो :
नव्यातला एक तुकडा उचलायचा,
जुन्याच्या अंगाला बसेल असा तासायचा,
त्याच्या मुळाला लागून आलेलं बाकीचं नवं
झटकून टाकायचं.
कधी सात ओळींना सात तास.
नीट जमलं तर काही झालं होतं
हेच कुणाला कळत नाही.

सासरे दर पंधरवड्याला बागेत पील कापतात.
सगळे ठेवले तर आईचा घड बारीक पडतो,
सगळे कापले तर पुढच्या साली काय?
एक ठेवतात. अरुंद पानाचा, तलवारीसारखा,
आईपासून वीतभर दूर.
मला अशी खूण कुणी दिलेली नाही.

जुन्या फांदीची शेवटची तारीख
मी पोळ्याची जाहीर केली होती,
मग दसऱ्याची.
काल तुकडूभाऊंचा फोन :
"ताई, त्या पोराचं ते फोटोवालं
आपल्या जुन्यात बसीन का?"

मी फोन ठेवून खूप वेळ हसले.
मग दिलवरला लिहिलं :
रविवारी फैजपूरला ये.
लॅपटॉप आणू नकोस.
आधी दिवसभर पावत्या फाड.